हौद असलेलं घर

इस्टरच्या आठवड्यात उतिला बेटावर स्वस्तातली खोली शोधायची, तीही दोन पाणबुड्यांसाठी आणि पाण्याला घाबरणाऱ्या एका बाईसाठी, म्हणजे एका चपलेत तीन पाय घालण्यासारखं आहे. पाणबुडे म्हणजे मी आणि माझी प्रेयसी इवेत. तिसऱ्या बाई म्हणजे इवेतची आई, दोन्या तेंचा; मान द्यायचा तर आमच्याकडे बाईच्या नावाआधी 'दोन्या' लावतात. आमच्या गावी, ओलान्चितोत, नदी ओलांडताना या बाई पुलाच्याही बरोबर मधून चालतात.

इवेतला इथला व्हेल शार्क बघायचा होता. औषधांच्या दुकानात दोन वर्षं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या विकून तिनं त्या माशासाठी पैसे साठवले होते. मुलीला माझ्यासोबत एकटी सोडायची नाही म्हणून दोन्या सोबत आल्या, आणि येताना शेंगदाण्याच्या आकाराच्या लाटेलाही देवाचं नाव घेत आल्या.

धक्क्यावर पाय टेकताच त्यांनी निकाल दिला.

"दुपारची बोट परत जाते ना? तोवर मला पटेल असं घर दाखवा. नाहीतर तिघंही परत."

"आई, मग तू जा ना परत," इवेत म्हणाली.

"एकटी? आणि बोटीत मेले तर हात कुणाचा धरू? खलाशाचा?"

मी इतका खुशीत होतो की हे मला अगदी सोपं वाटलं. समुद्र असा निळा होता की कुणीतरी मुद्दाम रंगवून आम्हाला चिडवतंय असं वाटावं.

पहिली जागा पाणबुड्यांच्या शाळेची. डुबक्यांचे पैसे भरले की खाट फुकट. दोरीवर काळे रबरी पोशाख हातपाय लोंबकळत वाळत होते.

"कोण गेलं?" दोन्यांनी दबक्या आवाजात विचारलं आणि छातीवर क्रूस काढला.

"कुणी नाही, दोन्या. कपडे आहेत."

"यांच्या आत माणसं असतात? तू असतोस?"

"हो."

"ओस्मीन, मला तू आधीच फारसा आवडत नव्हतास."

दुसरी जागा वाळूवरचं हॉटेल. झोके, तलाव, पेल्यात छोटी छत्री. दोन्या झोक्यात अशा पसरल्या की जणू त्यांचा जन्मच तिथे झाला होता. मी भाडं विचारून आलो. इथे राहिलो असतो तर आम्हाला डुबकी फक्त न्हाणीघरातल्या बादलीत मारता आली असती. दोन्यांना झोक्यातून बाहेर काढायला मी, इवेत आणि एक वेटर लागलो.

तिसरं घर मिस वर्नाचं. खांबांवर उभं, पिवळं, भाडं आमच्या खिशाला झेपणारं, आणि पाणबुड्यांची होडी थेट घरच्या धक्क्याला लागायची! मी आणि इवेत एकमेकांचे हात धरून उड्या मारत होतो. दोन्या मात्र पायरीवर बसून राहिल्या.

"तुम्ही दोघं पाण्याखाली. आणि मी दिवसभर काय करू? बुडबुडे मोजू?"

तेवढ्यात त्यांना घराच्या खालच्या बाजूला हौद दिसला. सिमेंटचा, काठोकाठ भरलेला, पाणी नितळ. आमच्याकडे ज्या घराला हौद नाही त्याला घर म्हणत नाहीत. दोन्या उठल्या. पदरची केळी, युकाचे कंद आणि नारळ त्यांनी पिशवीतून काढला, मिस वर्नाकडून मासा मागितला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आम्ही धक्क्यावर जाऊन पाण्यातला पाकट मासा बघत बसलो. सगळं जमलं होतं!

परत आलो तेव्हा नारळाच्या रश्श्याचा वास अख्ख्या घरात भरला होता. येन्स नावाचा उंच डॅनिश पाणबुड्या टेबलाशी बसून दुसरी वाटी संपवत होता.

"पाणी कुठलं घेतलंत?" मिस वर्नानं विचारलं.

"हौदातलं. का? परवानगी लागते?"

मिस वर्ना हळूच खुर्चीत बसल्या. त्या हौदात पाणबुडे परत आल्यावर पोशाख बुचकळतात. आणि खोल, थंड पाण्यात लघवी लागली की पोशाखाच्या आत माणूस काय करतो हे प्रत्येक पाणबुड्याला ठाऊक असतं. त्यावर कुणी बोलत नाही.

परतीची दुपारची बोट गावच्या धक्क्याला लागलेली दिसत होती.

"ती सुटेपर्यंत गप्प बसू," इवेत माझ्या कानात म्हणाली.

"आणि तोवर?"

"तोवर जेवू."

तिनं वाटी भरून घेतली. मीही. प्रेमात माणूस काय काय गिळतो. मग दोन्यांनी स्वतःसाठी वाढून घेतलं आणि चमचा तोंडाशी नेला. इवेतनं त्यांचा हात पकडला.

"आई, थांब. नको खाऊस." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती, व्हेल शार्कच्या दिशेला.

येन्सला मिस वर्नानं भाषांतर करून सांगितलं. त्यानं विचार केला. "उकळलंय ना?" म्हणाला, आणि वाटी पुन्हा पुढे केली.

दोन्यांनी चमचा ठेवला. "म्हणजे एवढाले हे घोडे... रोज? आणि मग हौदात?"

"हो," मी म्हणालो.

"तूसुद्धा?"

"मी सगळ्यांत जास्त." खोटं बोलायची वेळ निघून गेली होती.

"आणि इथे यांना कुणी काही बोलत नाही?"

"मी एकटी कुठे कुठे बघू, बाई?" मिस वर्ना म्हणाल्या.

बोटीचा भोंगा वाजला. मी बॅगा उचलल्या. इवेतनं डोळे पुसले.

"खाली ठेव त्या," दोन्या म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला होता. "हौदाची अशी अवस्था बघून मी जाऊ? मला रात्री झोप लागेल?"

संध्याकाळपर्यंत हौद घासून पांढरा झाला होता, पोशाखांसाठी वेगळं पिंप आलं होतं, आणि मिस वर्नानं आमचं भाडं अर्ध्यावर आणून ठेवलं होतं. येन्स कुणी न सांगता हात धुऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची होडी सुटली. इवेत पुढच्या टोकाला उभी राहून हसत होती, नुसती हसत होती. दोन्या धक्क्याच्या अगदी कडेला आल्या, पाण्यापासून वीतभर अंतरावर, आणि अख्ख्या बेटाला ऐकू जाईल असं ओरडल्या:

"मासा नीट बघून ये गं! आणि बाकीच्यांनो, काय करायचं ते पोशाख चढवायच्या आधी उरकून घ्या!"