वीस डबे

आठवा डबा उघडून मोठ्या सिस्टरांनी तो टेबलावर उलटा आपटला. त्यातूनही बोटभर कागदाची चिठ्ठीच पडली.

"यातही नाही?" तीन नंबरच्या खुर्चीवरून शिलाईबाईंनी विचारले.

"नाही."

"अहो, पुढचा बघा ना. एखाद्यात तरी असेल."

सिस्टरांनी एकेक करत विसावा डबासुद्धा उघडला. वीस चकचकीत डबे, त्यांच्यावर तलवारी, मोटारी, डोळे वटारलेली माणसे, आणि आत वीस चिठ्ठ्या. प्रत्येकीवर अक्षरे-आकड्यांची एक लांबलचक माळ. खेळाची डिस्क एकाही डब्यात नव्हती. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण त्यांनी शाळेत शंभर वेळा लिहिली होती, पण पोकळ वासा असा हातात धरून पाहायची वेळ आजच आली. त्यांना शिसारी आली. डब्यांची जेवढी आली, त्याहून जास्त स्वतःची.

कारण काल या वीस डब्यांच्या पावतीवर त्यांनीच सही केली होती. 'वीस खेळ मिळाले, तपासले.'

डायलिसिसच्या या खोलीत आठ खुर्च्या होत्या. आठवड्यातून तीनदा माणसे येत, दंडात सुया टोचून घेत आणि रक्त धुऊन निघेपर्यंत चार तास बसून राहत. चार तास म्हणायला चार. खुर्चीला खिळलेल्या माणसाला ते केवढे वाटतात हे सिस्टर एकतीस वर्षे बघत होत्या. तीन वर्षांपूर्वी एक तरुण इंजिनियर, आईची किडनी मिळाली म्हणून इथून कायमचा सुटला, तो जाताना आपले जुने गेमचे यंत्र आणि अकरा डिस्क खोलीला देऊन गेला. "सिस्टर, भिंतीकडे बघून वेड लागतं हो," एवढेच म्हणाला. तेव्हापासून खोलीतली माणसे जरा कमी कण्हत होती.

डिस्क सिस्टरांच्या ताब्यात, औषधांच्या कपाटातल्या कुलपाच्या खणात. खुर्चीवर माणूस बसला की विचारायच्या, "आज काय?" मग डबा उघडून डिस्क काढायच्या, कापडाने मधून कडेकडे पुसायच्या, खिडकीच्या उजेडात धरून चरा पाहायच्या आणि माणसाला दाखवायच्या. "हे बघा, तुमचंच आहे ना?" औषध देताना जे करायचे तेच. आधी बघायचे, मग वाचायचे, मग हातात द्यायचे. कोणी हसले तर म्हणायच्या, "हसा. पण रिकामी सिरिंज टोचलेली चालेल का तुम्हाला?" खेळणाऱ्याने कुठपर्यंत मजल मारली ते डब्याच्या आतल्या कागदावर लिहायचे, ही रीत त्यांनीच पाडली होती. दिवसाअखेर यंत्रातले, खेळ कुठवर आला ते साठवणारे मेमरी कार्डसुद्धा काढून त्या नमुन्याच्या बाटलीत ठेवत आणि बाटलीवर लेबल लावत. लेबल न लावलेली वस्तू त्यांना सहनच होत नसे.

त्या अकरांतला एक खेळ गाव वसवायचा होता. पाच महिने झाले, शिलाईबाई आणि चार नंबरचे ड्रायव्हर तो मिळून खेळत होते. बाईंचा डावा हात सुयांनी अडकलेला, ड्रायव्हरांचा उजवा. मोकळे हात शेजारी-शेजारी. मधे स्टूल, स्टुलावर एकच कंट्रोलर. त्याची डावी बाजू बाईंच्या अंगठ्याखाली, उजवी ड्रायव्हरांच्या बोटाखाली. कुठे काय बांधायचे ते बाई दाखवणार आणि 'होय'चे बटण ड्रायव्हर दाबणार.

"दाबा की हो! तिथेच विहीर हवीय."

"तिथून गाडी कशी वळेल? आधी रस्त्याचं बघा, मग विहिरीचं."

"आयुष्यभर ब्रेकवर पाय ठेवलात, आता बोटालाही ब्रेक?"

"म्हणून तर तुमच्यासारखे प्रवासी घरी पोचले."

असे भांडत-भांडत चाळीस घरे झाली, शाळा झाली, बाईंच्या हट्टापायी एक शिलाईचे दुकानही झाले. नदीवरचा पूल तेवढा उरला होता. पूल झाला की पलीकडचा सगळा मुलूख उघडणार होता. आणि शनिवारी ड्रायव्हर कायमचे मुलीकडे चालले होते. डॉक्टरांनी मुलीला बोलावून घेऊन दार लावून काय सांगितले ते कोणी विचारले नाही, पण मुलगी बाहेर आली तेव्हा सिस्टरांनी तिला पाण्याचा ग्लास दिला होता. म्हणजे आजचा मंगळवार, मग गुरुवार आणि शनिवार. त्यात पूल व्हायला हवा होता.

आणि कालच्या सोमवारी, खोली रिकामी असताना, देणगीचा सोहळा झाला होता. कुठल्याशा कंपनीचे चार जण आले, रुग्णालयाचे व्यवस्थापक त्यांच्या पुढे-मागे धावत होते. नवे यंत्र, वीस डबे, रिबिनी. "सिस्टर, डबे छातीशी धरा. जरा हसा. आता इथे सही करा, साहेबांना निघायचंय." फोटोवाला खिडकीच्या उजेडात आडवा उभा. सिस्टरांनी पेन हातात घेतले, डबा उघडावा असे मनात आले, आणि एवढ्या लोकांत कशाला म्हणून त्यांनी सही ठोकली. एकतीस वर्षांत न बघता केलेली पहिली सही. जुने यंत्र तेवढ्यात शिपायाने उचलून नेलेही. "नवं आल्यावर अडगळ नको," व्यवस्थापक म्हणाले.

आज नव्या यंत्रावरून सिस्टरांनी चारही बाजूंनी बोट फिरवले, सापडत नसलेली शीर शोधतात तसे. डिस्क घालायला फटच नव्हती.

डब्यावर मदतीसाठी एक नंबर होता. ही खोली पूर्वी एक्स-रेची, भिंतीत शिशाचे पत्रे, फोन लागायचा तर बाहेर स्ट्रेचरच्या उतारावर जावे लागे. सिस्टर गेल्या. पलीकडून एक गोड आवाज आला.

"मॅडम, डिस्क नसतेच आता. चिठ्ठीवरचा कोड टाकायचा, खेळ नेटवरून आपोआप उतरतो."

"आमच्या खोलीत नेट येत नाही."

"मग जिथे येतं तिथे यंत्र न्या."

"आठ माणसं सुयांसकट न्यायची का?"

"मॅडम, डिस्क कोण वापरतं हल्ली? चरे पडतात, हरवतात, जागा खातात."

"बरं. नेट आणलं, खेळ उतरवला. मग तो आमचा झाला ना?"

"वापरायची परवानगी मिळते, मॅडम. कंपनीने तो खेळ बंद केला किंवा खातं बंद झालं तर दिसणार नाही. आणि खातं एकाच्याच नावावर असतं."

"म्हणजे दिला, पण दिला नाही."

"तसं नाही मॅडम..."

"मग एवढा मोठा डबा कशाला? चिठ्ठी पाकिटातून पाठवायची होती."

"भेट देताना हातात काहीतरी दिसायला हवं ना, मॅडम."

सिस्टरांनी फोन कापला. पू, रक्त, ओकारी, सगळे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पुसले होते, त्याची त्यांना कधी किळस वाटली नव्हती. ते माणसाच्या आतून येते, खरे असते. पण हातात दिसायला हवे म्हणून आजारी माणसाला रिकामा डबा द्यायचा, वर रिबीन बांधायची, आणि तो छातीशी धरून आपण दात दाखवायचे! उतारावरच्या नळाला त्यांनी चूळ भरली.

त्या दिवशी तीन आणि चार नंबर भिंतीकडे बघत बसले. दोघांचे मोकळे हात स्टुलावर होते, पण स्टुलावर काही नव्हते.

"जाऊ द्या," ड्रायव्हर म्हणाले. "लोक होडीने जातील."

"होडी नाहीये आपल्या खेळात," शिलाईबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

बुधवारी सकाळी सिस्टर व्यवस्थापकांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीवर सोमवारचा फोटो लागलासुद्धा होता. त्यात सिस्टर हसत होत्या.

"साहेब, ती पावती मला दुरुस्त करायचीय. त्यावर 'वीस खेळ तपासले' असं आहे. मी तपासले नव्हते. आणि खेळ नाहीतच, डबे आहेत."

"अहो सिस्टर, असं काय करता? कोड आहेत ना आत? जगभर हेच चालतं. काळाबरोबर चाला जरा."

"उद्या औषध कंपनीनं बाटलीत औषधाऐवजी चिठ्ठी पाठवली तर मी काळाबरोबर चालू का?"

"खेळ आणि औषध एक आहे का?"

"माझ्या खोलीत आहे."

व्यवस्थापकांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. नव्या दोन डायलिसिस यंत्रांसाठी ते याच कंपनीच्या दारात वर्षभर हेलपाटे घालत होते. "हे बघा," ते आवाज खाली आणून म्हणाले, "पावती आज त्यांच्याकडे जायचीय. तुम्ही तिच्यावर खाडाखोड केलीत तर पुढचं सगळं बोंबलेल. तुमचं जुनं यंत्र भंगाराच्या खोलीत पडलंय. गुपचूप घेऊन जा, मी पाहिलं नाही. पावती मात्र आहे तशी राहू द्या."

पावती टेबलावरच होती. त्यांची सही, वळणदार, स्वच्छ. याच सहीवर डॉक्टर डोळे मिटून इंजेक्शन देत. सिस्टरांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला. मग त्यांना रिकामे स्टूल आठवले आणि त्यावरचे दोन हात. सही खरी करायची तर पूल जातो, पूल करायचा तर सही खोटी राहते. निवड करायला लावणाराही हसून बोलत होता, हे त्यांना सर्वांत ओंगळ वाटले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. आणि बाहेर येऊन कोपरापर्यंत हात धुतले.

भंगाराच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली यंत्र कंट्रोलरसकट सापडले. वर कोणीतरी फिनेलचा डबा ठेवला होता. सिस्टरांनी ते कडेवर मूल घ्यावे तसे उचलून आणले, कापसाने पुसले, फटीतली धूळ काढली. गुरुवारी कपाटाचा खण उघडला, बाटलीतून मेमरी कार्ड काढले, डिस्क उजेडात धरली.

"हे बघा. तुमचंच आहे ना?"

"आमचंच, बाई, आमचंच," शिलाईबाई म्हणाल्या आणि लगेच ड्रायव्हरांवर खेकसल्या, "बोट जागेवर ठेवा!"

गुरुवारी दगड जमले. शनिवारी तिसऱ्या तासाला शेवटची कमान बसली. ड्रायव्हरांना धाप लागत होती, सिस्टरांनी त्यांची पाठ वर उचलून दिली. पलीकडच्या काठावर पडद्यावरचे एक एवढेसे माणूस पूल ओलांडून गेले. मग दुसरे गेले.

"रुंद झाला बरं का," ड्रायव्हर म्हणाले. "दोन बस समोरासमोर जातील."

निघताना त्यांनी डबा मागितला आणि आतल्या कागदावर डाव्या हाताने वाकडेतिकडे लिहिले, 'पूल झाला. खुर्ची चार.' मुलगी दारात उभी होती.

नंतरच्या सोमवारी, खोली बंद असताना, सिस्टर रुग्णालयाच्या दर्शनी दालनात गेल्या. तिथल्या काचेच्या कपाटात व्यवस्थापकांनी ते वीस डबे देणगीदाराच्या नावाच्या पाटीखाली मांडून ठेवले होते. त्यांनी सोबत औषधांच्या लेबलांचा गठ्ठा नेला होता. एकेक डबा उघडायचा, आतून लेबल चिकटवायचे, लिहायचे, मिटून परत ठेवायचा. व्यवस्थापक एकदा समोरून गेले, थबकले, आणि पुढे गेले. वीसही लेबलांवर एकच मजकूर होता : 'आत खेळ नाही. स्वतः उघडून पाहिले.' खाली तारीख, वेळ आणि तीच वळणदार सही.

मंगळवारी शिलाईबाईंच्या दंडात सुया लागल्या. चार नंबरला अजून कोणी आले नव्हते. सिस्टरांनी डिस्क पुसली, दाखवली, यंत्रात घातली. पडद्यावर गाव आले. पुलापलीकडच्या मोकळ्या जागेवर बाईंनी अंगठ्याने खूण नेली आणि सवयीने म्हणाल्या, "दाबा की हो."

कंट्रोलरची उजवी बाजू तशीच पडून होती.

सिस्टरांनी हातमोजे काढले, चार नंबरच्या खुर्चीच्या काठावर टेकल्या आणि बोट पुढे केले.

"कुठलं?"

"ते कडेचं, झिजलेलं," शिलाईबाई म्हणाल्या. "पण आधी रस्त्याचं बघा."