टॉकीजचा माईक आणि द्वारकाबाईंची थाप

मी एक जुना माईक आहे. माझी जाळी चेपली आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मित्रांनो, अडुसष्ट साली नरसिंगरावांनी मला हैदराबादेहून आंध्रच्या सीमेवरच्या वांकिडी गावात आणलं, त्यांच्या पत्र्याच्या टॉकीजसाठी. जीपमधून गावोगाव फिरून मी नव्या खेळाची दवंडी देत असे. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या भरून माणसं येत. तेव्हाचा माझा थाट काही विचारू नका!

मग गावात व्हिडिओ आला. लोक हिंदी सिनेमे घरीच पाहू लागले. आमच्याकडे बहुतेक तेलुगू खेळ आणि शेतकरी मंडळी मराठी. पूर्वी ती गाण्यांवर आणि मारामारीवर भागवून घेत, आता कशाला येतील? जीप विकली गेली आणि मी तिकीटखिडकीत धूळ खात पडलो. मला वाईट वाटे. पण त्याहून वाईट वाटे द्वारकाबाईंना. बायकांच्या दारावर त्या पंधरा वर्षं तिकिटं फाडत होत्या. आणि मालकांनी सांगून टाकलं होतं, "दसऱ्यानंतर टॉकीज कापसाच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी देणार."

"अन् मी काय कापसाले तिकिटं फाडू, मालक?" द्वारकाबाईंनी विचारलं. मालक गल्ल्यातली नाणी मोजू लागले.

त्या शुक्रवारी दुपारच्या खेळाला अकरा बायका होत्या. पडद्यावर नायिका रडू लागली. म्हाताऱ्या राहीबाईंनी विचारलं, "काऊन वं द्वारका, काऊन रडून राह्यली थे?"

द्वारकाबाईंचं तरुणपण मंचेरियलच्या खाणवस्तीत गेलं होतं, त्यांना तेलुगू चांगलं येई. त्यांनी मला तिकीटखिडकीतून उचलून आणलं, कर्ण्याला जोडलं, फुंकर मारली आणि मराठीत सांगायला सुरुवात केली. खेळ रंगला!

पण मध्येच नायकाचं लग्न ठरलं, तेही सख्ख्या बहिणीच्या मुलीशी. तेलुगू घरांत ही रीत आहे. आमच्या बायका मात्र ऐकताच उठून गेल्या असत्या. द्वारकाबाई अडखळल्या आणि थाप मारून मोकळ्या झाल्या, "हा तिच्या मामाचा पोरगा हाय."

थाप दहा मिनिटं टिकली. मग नायकाने मुलीच्या आईला "अक्का" अशी हाक मारली. एवढं तेलुगू बाजारात सगळ्यांनाच येतं.

"अक्का म्हंजे मोठी बहीण ना?" राहीबाई कडाडल्या. "मंग हा मामाच झाला की!"

एकच कल्ला झाला. द्वारकाबाई घामाघूम झाल्या. शरमेने मीही कुंईऽ केलं.

बातमी गावभर झाली. पुढच्या शुक्रवारी बाईंची फजिती पाहायला दोनशे माणसं आली. शेवटच्या रांगेत नरसिंगराव होते, सोबत कापसाचा व्यापारी. द्वारकाबाईंनी मला दोन्ही हातांनी धरलं.

"मागच्या खेपेला मी खोटं बोलली," द्वारकाबाई म्हणाल्या. "थो मामाच होता. त्यांच्यात चालते, आपल्यात नाई. तुमी उठून जासान म्हून भेली. आज जे हाय थेच सांगीन. नाई पटलं तर तिथंच विचारा."

"विचारूच!" राहीबाई म्हणाल्या. "कर सुरू."

आणि लोकांनी विचारलं, वाद घातला, पोट धरून हसले. घरच्या व्हिडिओला कोण काय विचारणार?

मध्यंतरात नरसिंगराव व्यापाऱ्याला म्हणाले, "चला, गोदामाचं बोलून घेऊ."

"थांबा हो," व्यापारी म्हणाला, "बाई पुढं काय सांगते थे ऐकू द्या."

दसरा आला नि गेला. कापूस दुसऱ्या गोदामात गेला.

मित्रांनो, मला पुसा, जपा, पण पेटीत बंद करू नका. एखादी टॉकीज ओस पडलेली दिसली, तर कुलूप आणण्याआधी आतल्या माणसांना काय हवं ते विचारा. बघा, द्वारकाबाईंनी फुंकर मारली. खेळ सुरू होतोय. काही समजलं नाही तर खुशाल मोठ्याने विचारा.