पेंटरांचा चौथा कनेक्टर

"हाही मेला! चार दिवसांत हा चौथा," पेंटर टेबलाखालून पुटपुटले. "आणायचे तरी किती? माळ करून घालू का गळ्यात?"

"आधी बाहेर या. डोकं आपटेल," बायको म्हणाली. तोवर आपटलंच.

स्टिकरच्या रोलमधून अक्षरं कापणारं त्यांचं मशीन जुनं, पण गुणी. त्याची वायर जाडजूड, नऊ पिनांची. नव्या कॉम्प्युटरला तसलं भोकच नाही. म्हणून मध्ये हा बोटभर कनेक्टर. जुना कॉम्प्युटर गेला तेव्हा लेकीनं सुट्टीत येऊन नव्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं, फुकट आणि भरवशाचं म्हणून. फुकट होतं, यात वाद नाही. कनेक्टर खोचला की पोर्ट, म्हणजे मशीनकडे जायची वाट, स्क्रीनवर दिसे, आणि माउसला हात लावेपर्यंत बेपत्ता. तोंड दाखवायला आलेल्या पाहुण्यासारखा, चहा टाकेपर्यंतही थांबायचा नाही.

बाहेर बस उभी होती. उद्या सकाळी तिची तपासणी, आणि अंगावर ना मालकाचं नाव, ना नंबर. बसवाला तीनदा हॉर्न वाजवून शेवटी आत आला.

"पेंटर, कशाला त्या डबड्याच्या नादी लागता? तुम्ही हातानं लिहायचात तेव्हा लोक रस्त्यात थांबून बघायचे. घ्या की ब्रश!"



"लिहिलं असतं हो," पेंटर म्हणाले. "पण रंग वाळायला नको? सगळा दोष त्या ड्रायव्हरचा."

"आता मी काय केलं?" म्हणत बसवाला पुन्हा बसमध्ये जाऊन बसला. कनेक्टर चालवणाऱ्या प्रोग्रामलाही ड्रायव्हर म्हणतात, हे त्याला कुठून ठाऊक!

वर्षापूर्वी पेंटरांनी ब्रशनं लिहिलेल्या शेवटच्या पाटीवरची ओळ उताराला लागली होती. तेव्हापासून मशीन कापायचं, बायको सोलून चिकटवायची, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, सफाई ती पेंटरांचीच. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद तिनं कपाटात चादरींखाली ठेवला होता. ते विचारत नसत, ती काढत नसे. लेकसुद्धा फोनवर डोळ्यांचं न काढता विचारी, "बाबांचा कनेक्टर कसा आहे?"

"चष्मा कुठं ठेवलाय देव जाणे," पेंटर म्हणाले. "जरा लॉग वाच गं."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तिनं तो दाखवला नाही. लॉग म्हणजे कॉम्प्युटरनं लिहिलेली स्वतःची रोजनिशी. बायको ती वाचू लागली.

"कनेक्टर जोडला... पोर्ट मिळाला... अहो, आणि लगेच दुसऱ्याच कुणीतरी हिसकावला!"

"कोण तो हरामखोर?"

तिनं त्या प्रोग्रामचं नाव मोबाइलवर शोधलं. दोनदा वाचलं आणि गप्प झाली.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. आहे एक आगाऊ प्रोग्राम. आपल्या कामाचा नाही."

तिनं एक ओळ टाइप करून तो बंद केला, कनेक्टर काढून पुन्हा खोचला. पोर्ट दिसला. दहा मोजले, जागेवर. मशीन खर्र करून चालू झालं तेव्हा पेंटर हात पुसत असे उठले, जणू तेच कापतायत. तासाभरात नावनंबर ल्यालेली बस हॉर्न वाजवत गेली.

"आता त्या आगाऊला मुळासकट काढते," ती खुर्ची ओढत म्हणाली.

"कसला होता तो?"

"सांगितलं ना."

"नाही सांगितलंस. तू वाचून गप्प बसलीस की मला न बघता कळतं."

तिनं स्क्रीनकडेच बघत सांगितलं. "ज्यांना दिसत नाही ना, त्यांच्यासाठी आहे. त्यांची एक ब्रेलची पट्टी असते, स्क्रीनवरचं बोटांनी वाचायची. आपल्या कनेक्टरच्या चिपचा आणि तसल्या एका पट्टीच्या चिपचा नंबर एकच. चारही कनेक्टरांत तीच चिप. त्यामुळे कनेक्टर लावला की त्या प्रोग्रामला वाटतं, तसंच कुणीतरी समोर येऊन बसलंय. आणि धावून येतो मदतीला, मेला."

 पेंटरांनी हात वर नेला, कपाळावरचा चष्मा न चाचपडता काढला, काड्या मिटून टेबलावर ठेवला.

"नुसता बंद ठेव," ते म्हणाले. "काढू नकोस. मला दिसेनासं झालंय."