अस्तराची दाढ

पुसेगावच्या गोजरबाईच्या खालच्या दोन दाढांना कीड लागली होती, एक उजवीकडे, एक डावीकडे. तिचे वडील दाढ सुजूनच गेले होते. सूज गळ्यापर्यंत उतरली आणि आठव्या दिवशी माणूस संपला. म्हणून १९४४च्या पौषात नवऱ्याने, उत्तमरावाने, गाडी जुंपून तिला हिंगोलीला नेलं. तिथे महिन्यातून एकदा दातांचे डॉक्टर गुलाबचंद येऊन बसत.

पायाने यंत्र फिरवत त्यांनी दोन्ही दाढा कोरल्या. उजवीत लवंगेच्या तेलात कालवलेल्या पांढऱ्या पुडीचं अस्तर दिलं आणि वर चांदी भरली. डावीच्या वेळी पुडी संपली.

“हिला अस्तर नाही, नुसती चांदी आहे,” ते म्हणाले. “थंड लागलं तर कळ येईल. घाबरू नका.”

दुसऱ्या दिवशी तिने रांजणातलं पाणी तोंडात घेतलं आणि डावीकडून कळ थेट कानात गेली. ती मटकन खाली बसली. मग धीर करून घोट उजवीकडे घेतला. तिकडेही तशीच कळ!

“अवो, अस्तराचीबी दुखून राहिली,” ती उत्तमरावाला म्हणाली. “आबाचं असंच सुरू झालतं.”

“सूज हाय का?”

“न्हाई. पर उद्या आली तर?”

त्या दिवसापासून ती कोमट पाणी पिऊ लागली, भाकर दुधात कुस्करून गिळू लागली. कामात असतानाही हात सारखा गालाकडे जायचा.

महिन्याने डॉक्टरांनी दोन्ही दाढा ठोकून पाहिल्या. “कळ टिकते का?”

“न्हाई. घोट गिळला की जाते.”

“पहिल्यापेक्षा कमी?”

“व्हय. दोन्हीकडं.”

“मग नस शांत होतेय. भ्यायचं कारण नाही.”

“पर मग अस्तराचा उपेग काय झाला, डाक्टरसाहेब?”

“नसेला आडोसा म्हणून घालतो. कळ कमी येते, असं आम्हाला शिकवलंय. तुमच्या दोन्ही दाढा तर बरोबरीनंच चालल्यात. असं का, ते मलाही सांगता येत नाही. डावी उकरून अस्तर घालू?”

“नगं!” तिने तोंडावर पदर धरला.

परतीच्या वाटेवर मात्र तिला वाटत राहिलं, घालून घ्यायला हवं होतं का?

फाल्गुनात एका दुपारी शेतात तहान लागली म्हणून तिने गार पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. घोट गिळल्यावर तिच्या ध्यानात आलं, कळ आलीच नव्हती. ना डावीकडून, ना उजवीकडून.

दुसरा घोट तिने जपूनच घेतला.