बनाबाईच्या अंगावरचा भंडारा

रविवार उजाडला की कुंभारीपलीकडच्या त्या वस्तीवर पाय ठेवायला जागा नसे. बनाबाईला बिरोबा दिसू लागला होता! जन्मभर मेंढरं वळलेली ही बाई घोंगडीवर बसायची. येडू भगत तिच्या तोंडाला, हातापायांना भंडारा फासायचा आणि ढोलावर आवाज चढवायचा, "घटकाभरात देव येतुया! ज्याला शंका आसंल त्यानं वहाणा घालून घरी जावं!"

आणि देव यायचा. बनाबाई दचकून म्हणायची, "निळा उजेड पडलाय... भिंती हालत्यात... आमचं मालक दारात उभं हायती!" नवऱ्याला मरून नऊ वर्षं झालेली. बाया हुंदके देत. येडूचा देव मोठा वक्तशीर, एसटीनं धडा घ्यावा असा.

लेक ऋतुजा चिंचोळी एमआयडीसीत कामाला होती. महिन्यानं एका रविवारी ती आली आणि आईच्या उशाशी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग बघून थबकली. आईच्या फुप्फुसात बुरशी निघाली होती. त्यावरच्या महिन्याभराच्या गोळ्या तिनंच आणून ठेवल्या होत्या. त्या पंधरा दिवसांतच संपल्या होत्या आणि येडूनं सोलापुरातून आणखी आणवल्या होत्या.

"आये, इतक्या गोळ्या कशा लागल्या?"

"येडूदा म्हनला दोन-दोन घे. गिळल्या की घटकाभरात देव येतो. एकीत देव लई लांबनं दिसतो."

ऋतुजा ताडकन उठली. "भगत, गोळी गिळल्यावरच देव कसा येतो? आज गोळीबिगर आणून दाखवा."

"देव काय तुज्या कंपनीतला कामगार हाय व्हय, बोलावलं की यायला?" येडू म्हणाला. गर्दी खो खो हसली.

तिनं ओल्या फडक्यानं आईचं तोंड खसाखसा पुसलं. भंडारा निघाला, पिवळेपणा निघाला नाही. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळाधमक झालेला. भंडाऱ्याखाली कावीळ वाढत होती आणि देवाची खूण म्हणून सगळी वस्ती तिला हात जोडत होती.

सोलापूरला डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "या गोळीनं काहींना रंग, उजेड दिसतात. क्वचित नसलेली माणसंही दिसतात. क्वचित यकृतालाही इजा होते. दुप्पट गोळ्यांनी तर फारच झाली. पहिल्यांदा उजेड दिसला तेव्हाच आणलं असतं, तर आपण औषध बदललं असतं. आता उशीर झालाय."

चौथ्या दिवशी बनाबाई गेली. येडूनं जाहीर केलं, "देवानं तिला पदरात घेतलं!"

तिसऱ्याच्या विधीला जमलेल्यांपुढे ऋतुजा उभी राहिली. "माझी आई देवानं नेली न्हाय. औषधानं बाधा केली आन् आपण तिची आरती केली. औषध कुणालाबी बाधू शकतं. बाधलं तर डॉक्टरला सांगा. मनानं वाढवू नका, मनानं बंदबी करू नका. एवढं तरी ऐका."

सगळे माना खाली घालून उठले. शेजारची कस्तुराबाई तेवढी मागे रेंगाळली. तिचा लेक गेल्या साली वारला होता.

"पोरी, त्यातल्या दोन गोळ्या उरल्यात का गं?" ती हळूच म्हणाली. "माजा लेक दारात दिसला तर बघावा म्हनते."

ऋतुजाला हुंदका आवरेना. तिनं म्हातारीला हाताला धरून खाली बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.