जागा धरणारा

पलटणीच्या शिंप्याचा एकुलता पोरगा त्याच पलटणीत लेफ्टनंट झाला, तेव्हा बापाला आभाळ ठेंगणं झालं. "पण म्हणजे नक्की काय रे?" त्यानं विचारलं.

"जुना फ्रेंच शब्द आहे, बाबा. 'ल्यू' म्हणजे जागा आणि पुढचा भाग म्हणजे धरणारा. वरचा साहेब नसला की त्याची जागा धरायची."

"बसमध्ये रुमाल टाकून धरतात तशी?" बाप खो खो हसला. पुढे जो भेटेल त्याला हे सांगून त्यानं कान किटवले.

मग नदीपलीकडे लढाई पेटली. अलीकडे, बंद पडलेल्या शाळेत पलटणीचा तळ पडला आणि एका वर्गात शिंप्याचं मशीन आलं. या पलटणीची एक रीत होती, कुठल्या करंट्यानं पाडली देव जाणे! कॅप्टन पडला की त्याच्याच शर्टावरचे कापडी तारे उसवायचे आणि जागा घेणाऱ्याच्या खांद्यावर शिवायचे. त्याशिवाय त्यानं पुढं जायचं नाही.

एका दुपारी कॅप्टनचा शर्ट आला. रक्त अजून ओलं होतं. मागोमाग पोरगा आला आणि त्यानं आपला शर्ट मशीनवर ठेवला.

शिंप्यानं शर्ट परत त्याच्याकडे सरकवला. "माझी सुई मोडली," तो म्हणाला. "जा, सांग त्यांना."

"मी नाही गेलो तर माझ्या खालचा जाईल, बाबा. तो परवाच आलाय."

"मग जाऊ दे त्याला!" बाप ओरडला आणि त्यानं जीभ चावली.

पोरगा रागावला नाही. "शिवा," एवढंच म्हणाला. बापानं शिवले. दुहेरी दोरा घेतला, टाके इतके बारीक घातले की कुणाच्या बापाला उसवता येऊ नयेत.

आठवडा उलटायच्या आत तो शर्ट परत आला. शिंपी तो छातीशी धरून जमिनीवर बसला आणि गुरासारखा ओरडला. कुणी त्याला उठवलं नाही. तारे मात्र हवे होते. संध्याकाळी तो उठला, डोळे पुसले आणि एकेक टाका कापू लागला.

दारात लेकाच्या खालचा उभा होता, बनियनवर, शर्ट हातात घेऊन. पोराला धड मिसरूड नव्हती.

"वडील आहेत?" शिंप्यानं विचारलं.

"आहेत."

"त्यांना सांगितलंस?"

पोरानं मान खाली घातली.

"आधी फोन कर," शिंपी म्हणाला. "तोवर मी टाका घालत नाही."