यूसुफच्या हातचा सायलेन्सर

नौमाननं बाइक स्टँडवर घेतली आणि सायलेन्सरला लाथ घातली. कोल्डड्रिंकचा कॅन कापून, त्यावर तार आवळून त्यानं लावलेलं ठिगळ खळकन खाली पडलं.

कुवेतमधल्या सुलैबियाच्या त्या गल्लीत यूसुफ हात पुसत गॅरेजमधून बाहेर आला. दोन वर्षांत दोघं पहिल्यांदाच असे समोरासमोर उभे होते.

“कधी फुटला?”

“तुला काय करायचंय? होतो की नाही, एवढं सांग.”

बाकीच्या गॅरेजवाल्यांनी नवाच टाक म्हणून हात झटकले होते. नवा टाकायचा तर घरी पैसे पाठवणं थांबवावं लागलं असतं. आणि काल पोलिसानं अडवून दम दिला होता, परत हा आवाज ऐकला तर गाडी उचलून नेऊ. गाडी गेली की डिलिव्हरीचं काम गेलं. काम गेलं की सामान बांधा आणि रत्नागिरीची वाट धरा. म्हणून नौमान इथे आला होता, दातओठ खात.

यूसुफनं गुडघे टेकून पाइपावर बोट फिरवलं.

“इंजिनाकडचा बेंड पाइप धड आहे. मागचं सगळं सडलंय. भंगारातल्या गाडीचा एक पडलाय माझ्याकडे, तोंड जुळणार नाही, पण कापून जोडतो. आवाज राहणार नाही.”

“जोड. आणि उपकार केल्यासारखा चेहरा करू नकोस.”

यूसुफ पाना घेऊन सायलेन्सर सोडवायला लागला. त्याची ही न बोलण्याची सवयच नौमानच्या डोक्यात जायची. दोन वर्षांपूर्वी शहरबानूशी, नौमानच्या धाकट्या बहिणीशी झालेली मंगनी या माणसानं अशीच मोडली होती. कारण नाही, काही नाही. ‘मला जमणार नाही’ एवढाच निरोप. गावात अब्बांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. इथे कुवेतमध्ये गावच्या जमातीनं यूसुफला वाळीत टाकलं. ईदची दावत असो, कुणाचं आजारपण असो, नाहीतर कुणाची मय्यत गावी पाठवायची असो, परमुलखात जमातीचीच माणसं धावून येतात. यूसुफसाठी कुणी धावायचं नाही, असं ठरलं. चांगली जिरली हलकटाची, असं नौमान चारचौघांत म्हणायचा.

आत ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या पायांपर्यंत येत होत्या, तरी नौमान हटला नाही. तेवढ्यात फोनवर मुमताजचाचांचा व्हॉइस मेसेज आला. कुवेतमधल्या जमातीचा कारभार तेच बघायचे. नौमाननं मुद्दाम आवाज वाढवून तो लावला.

“नौमान, संध्याकाळी दावत आहे. यूसुफला बोलवावं म्हणतात सगळे. गेल्या महिन्यात त्याची अम्मी गेली, सुट्टी मिळाली नाही, एकटा खोलीत बसून रडला म्हणे पोरगा. झालं तेवढं पुरे आता. पण मामला तुमच्या घरचा. तू हो म्हटलंस तरच बोलावतो.”

ग्राइंडर थांबला होता. यूसुफ पाठमोरा उभा होता, हातातला पाइप तसाच धरून.

नौमाननं फोन तोंडाशी नेला.

“चाचा, तो आला तर मी येणार नाही. ज्यानं माझ्या बहिणीची इज्जत चव्हाट्यावर आणली, त्याच्या ताटाला ताट लावून मी जेवणार नाही. आज नाही, कधीच नाही.”

त्यानं मेसेज पाठवला. यूसुफनं वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पाइपाला टाका मारला. एक टाका, मग तिरका झालाय का ते बघून दुसरा. नंतर सावकाश चहूबाजूंनी सांधा भरून काढला. हात जराही हलत नव्हता. हलायला हवा होता, असं नौमानला वाटलं.

बाइक चालू केली तेव्हा इंजिन नुसतं गुरगुरलं.

“चार दिवसांनी बोल्ट परत आवळ,” यूसुफ म्हणाला आणि आत निघून गेला.

कोपऱ्यावर येऊन नौमाननं बहिणीला फोन लावला. हे तिला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडलं नसतं.

“बानू, आज त्या यूसुफला बरोब्बर सुनावलं. तोंड वर करून बघितलं नाही त्यानं. जमातीत परत घेणार होते त्याला, मी मोडता घातला.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“बानू?”

“तो काय बोलला?”

“काय बोलणार? बोलायला तोंड आहे का त्याला?”

“भाई, नाही मी म्हटलं होतं.” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मीच फोन केला त्याला. मला फार्मसी पूर्ण करायची होती. मी घरी नाही म्हटलं असतं तर अब्बांनी त्याच दिवशी कॉलेज बंद केलं असतं. मी त्याला म्हटलं, तू मोड. तो हो म्हणाला. एवढंच. अजून एक वर्ष राहिलंय माझं. भाई, अब्बांना सांगू नकोस.”

“आणि तू दोन वर्षं आम्हाला त्याला शिव्या घालू दिल्यास?”

ती रडायला लागली. नौमाननं फोन ठेवला. त्याला तिचा संताप आला, अब्बांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या गपगुमान टाके मारणाऱ्या माणसाचा आला. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं याचं? मग त्याला कळलं, काय बिघडलं असतं ते.

मुमताजचाचांचं उत्तर येऊन पडलं होतं. ठीक आहे, नाही बोलावत.

नौमाननं हेल्मेट काढलं. मेसेज रेकॉर्ड करायला घेतला, पुसला, परत घेतला.

“चाचा, यूसुफला बोलवा. मंगनी त्यानं आपणहून मोडली नव्हती. मी धमकावून त्याला मोडायला लावली. मला तो पसंत नव्हता, म्हणून. बानूला यातलं काही माहीत नाही. अब्बांना मी स्वतः सांगतो.”

मेसेज गेला. मिनिटभरात चाचांचा फोन आला. पलीकडून पहिली शिवी आली, तसा नौमान बाइकवरून उतरला आणि फोन कानाला लावून मुकाट्यानं उभा राहिला.